विकलेल्या गिरणीचे देणे

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात एक लहानसा प्रवेश दरवर्षी न चुकता होतो. वसुबारसेच्या चार दिवस आधी चकलीची भाजणी भाजून, जुन्या धोतरावर पसरून, गार करून डब्यात भरली जाते; आणि मग तो डबा माझ्यापुढे ठेवून घरातून हुकूम सुटतो, "जा, नंबर लावून या." मी निमूटपणे डबा उचलतो आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या गिरणीपुढच्या रांगेत जाऊन उभा राहतो. रांगेतली जुनी माणसे हसतात. कोणी म्हणते, "काका, तुम्ही कशाला हो रांगेत? सरळ आत जा की!" मी आत जात नाही. ज्या गिरणीपुढे छत्तीस वर्षे मी लोकांचे डबे रांगेत लावले, तिथे आपला डबा शेवटी ठेवून उभे राहण्यात काय सुख आहे, ते ज्याने आपली गिरणी विकली आहे त्यालाच कळेल. आणि त्या सुखाच्या तळाशी थोडी लाज कशी बसलेली असते, तेही त्यालाच.

गिरणी आमच्या वडिलांनी काढली ती १९६४ साली. सांगलीत कृष्णेपासून फार लांब नसलेल्या आमच्या गल्लीत त्या वेळी अर्ध्या घरांत जाती होती, आणि "गिरणीच्या पिठाला चव नाही" असे म्हणणाऱ्या आज्याही होत्या. त्याच आज्यांच्या सुना पुढे आमच्या पायरीवर डबे घेऊन बसू लागल्या. विलिंग्डन कॉलेजातून बी. ए. होऊन मी नोकरीच्या शोधात होतो, तेव्हा वडील एक दिवस म्हणाले, "नोकरी मिळेपर्यंत जरा गिरणीत बैस." ती नोकरी १९७६ पासून २०१२ पर्यंत मिळाली नाही, आणि खरे सांगायचे तर १९८० नंतर मी ती शोधलीही नाही.

गिरणी म्हणजे काय, असे कोणी विचारले तर बाहेरचा माणूस म्हणेल: दोन दगड, एक पट्टा, एक मोटर आणि एक काटा. आमच्याकडे असे दोन जोड होते. एक गहू-ज्वारीचा आणि एक डाळी-भाजणीचा. पण हे झाले सामान. त्या सामानाच्या पलीकडची गिरणी माणसाच्या कानात आणि तळहातात असते. दगड जास्त जवळ आले की आवाज चढतो आणि पीठ गरम येते. ज्वारी अशी गरम दळली की पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. दगडांना टाकी लावायची वेळ झाली, हे दिवस मोजून नव्हे तर अंगठ्याखाली पीठ चोळून कळते. बेसन लाडवाला रवाळ, शेवेला बारीक. एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळचे पहिले दळण उपासाचे. त्याच्याआधी गहू पडला तर गल्लीतले निम्मे उपास मोडलेच म्हणायचे. आणि भाजणी गार झाल्याशिवाय दगडात घालायची नाही, मग बाई कितीही घाईत असोत. यातले एकही वाक्य कुठल्या कागदावर लिहिलेले नव्हते.

पुढे पिठाच्या धुळीने छातीत खोकला कायमचा वस्तीला आला, गुडघे बोलू लागले, आणि मुलाने पुण्यात आपला संसार थाटला. गिरणी विकायची ठरली. घेणारा मिळाला तो तासगावकडचा एक तरुण. कुपवाडच्या एका कारखान्यात तो फिटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा हातात थोडे पैसे आले होते, उरलेले त्याने आईच्या पाटल्या मोडून उभे केले होते. पाटल्यांची गोष्ट त्याने मला सांगितली नाही. ती मला नंतर कळली. किंमत साडेचार लाख ठरली. साडेतीन लाख रोख, आणि उरलेल्या लाखाचे दरमहा दहा हजारांप्रमाणे दहा हप्ते. गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला.

कागद आमच्या वडिलांच्या स्नेह्यांनी, एका वृद्ध वकीलसाहेबांनी, करून दिला. त्या कागदामुळे मला प्रथमच कळले की विकणाऱ्याच्या मागे विकल्यानंतरही केवढे शुक्लकाष्ठ असते! विजेचा मीटर त्याच्या नावे करून द्यायचा. दुकानाचा परवाना, जागामालकाची संमती, काट्याच्या पडताळणीचा दाखला, सारे त्याच्या हाती द्यायचे. पाडव्याआधीची सगळी देणी मी भागवायची. पंधरा दिवस गिरणीत उभे राहून काम शिकवायचे. आणि पाच वर्षे गावभागात दुसरी गिरणी काढायची नाही. हे शेवटचे कलम वाचून मी हसलो. म्हणालो, "मला उभे राहवत नाही म्हणून विकतोय, आणि तुम्ही मला दुसरी काढायची बंदी करता?"

वकीलसाहेब म्हणाले, "एरवी अशी बंदी आपल्याकडे टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं सत्ताविसावं कलम सांगतं की माणसाला धंदा करायला अडवणारा करार फुकट. त्याला तिथेच एक अपवाद आहे: ज्यानं धंद्याचं गुडविल विकलं, त्यानं ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याचं वचन दिलं, आणि ती हद्द वाजवी असली, तर ते चालतं. तू नुसते दगड विकत असतास तर मी हे कलम घातलं नसतं. तू गिऱ्हाइकं विकतो आहेस."

गिऱ्हाइके विकतो आहे! हे शब्द मला मुळीच आवडले नाहीत. पण ते खरे होते. दोन जोड दगड, दोन मोटरी आणि काटा यांना बाजारात साडेचार लाख कोणी दिले नसते. वरचे पैसे होते ते सकाळी सात वाजता पायरीवर येऊन बसणाऱ्या डब्यांचे.

पंधरा दिवस मी त्याला मनापासून शिकवले, याबद्दल माझी माझ्यावर तक्रार नाही. कोणत्या घरी कोणते दळण कसे लागते, कोणाची उधारी महिन्याने येते आणि कोणाची आठवण केल्याशिवाय येत नाही, सगळे सांगितले. दोष तर मी चढाओढीने दाखवले. डाळीच्या जोडाचा खालचा दगड एका बाजूला झिजला आहे; पट्टा वर्षभर टिकेल, पुढे नाही. आणि भिंतीवरची ती रेघ. २००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी गिरणीत शिरले होते. मोटरी पाण्याखाली गेल्या, त्या पुन्हा गुंडाळून घ्याव्या लागल्या होत्या. पाणी चढले तिथे मी भिंतीवर तेलरंगाची तांबडी रेघ ओढून ठेवली होती. विक्रीआधी भिंतींना चुना दिला, तेव्हा गवंडी म्हणाला, "ही रेघ झाकू का?" मी म्हटले, "नाही. घेणाऱ्याला दिसली पाहिजे." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. माणसाला स्वतःच्या प्रामाणिकपणाचा असा अभिमान वाटू लागला की त्याने जरा सावध राहावे, असे आता मला वाटते.

कारण एक गोष्ट मी सांगितली नाही.

आमच्याकडे एक बाई भाजणी-मेतकुटाचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या. त्यांचे दळण रोजचे. पावसाळा असो, सण असो, दुपारी त्यांचा माणूस सायकलवरून पोती आणणार. गिरणीच्या मिळकतीतले रुपयात चार आणे त्या एका घरातून येत. महाशिवरात्रीच्या सुमारास त्या बाई मला म्हणाल्या, "जूनपासून आमचं दळण आम्हीच करायचं म्हणतोय. मशीन घेतोय. अजून कर्ज मंजूर व्हायचंय, तेव्हा कुठे बोलू नका." मी त्यांचे अभिनंदन केले. आणि 'कुठे बोलू नका' हे त्यांचे शब्द मी पुढे मोठ्या जपणुकीने सांभाळले. दुसऱ्याने दिलेली शपथ आपल्या सोयीची असली की माणूस तिला किती जागतो!

बोललो असतो तर किंमत लाखाने तरी उतरली असती. आणि त्या लाखातून मी मनातल्या मनात घराची गळकी गच्ची आधीच दुरुस्त करून ठेवली होती.

पाडव्याच्या चार दिवस आधी तो तरुण गिरणीत माझ्याशेजारी उभा होता. दोन्ही जोड चालू होते. तो म्हणाला, "काका, गिऱ्हाइकं आहेत तशीच राहतील ना? कोणी जाणारं असेल तर आत्ताच सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत, तर मी सगळं ठीक आहे असं धरून चालतो."

गिरणीवाल्याला गिरणीच्या आवाजात सगळे ऐकू येते. रस्त्यावरून कोणी हाक मारली तरी ऐकू येते. नवख्याला मात्र वाटते की या घरघरीत कोणाला काही ऐकू येत नसेल. मी त्याच्याकडे पाहिले, कानावर हात नेला, हसलो, आणि पट्ट्याकडे वळलो. तोही हसला. त्याने पुन्हा विचारले नाही.

पाडव्याला गिरणीची किल्ली दिली आणि मी घरी बसलो. पहिला महिना मी सकाळी साडेपाचला उठून कपडे करून बसत असे. मग दाराशी जुनी गिऱ्हाइके येऊ लागली. कोणी म्हणे, नव्या माणसाचा हात अजून बसला नाही. कोणी म्हणे, पीठ जाडे येते. एक आजी तर डबाच घेऊन आल्या. म्हणाल्या, "अरे, आता त्या लहान घरघंट्या निघाल्यात. एक घेऊन टाक घरात. आमच्यापुरतं चार घरचं दळत जा. कोणाला कळतंय?"

काय सांगू, मला फार बरे वाटले! आपल्यावाचून कोणाचे तरी अडते आहे, यासारखे मधुर काही नाही. त्या रात्री घरघंटी स्वयंपाकघरात कुठे बसेल याची मी वीत-टिचकीने मापेसुद्धा घेतली. घरातून विचारणा झाली, "हे काय चाललंय?" मी म्हटले, "काही नाही, कपाट हलवावं म्हणतो."

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून वकीलसाहेबांकडे गेलो आणि आडून आडून विचारले. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि दोन विलायती खटले सांगितले. पहिला १८१० चा, मालवाहू गाड्यांच्या एका धंद्याचा. त्यात लॉर्ड एल्डन यांनी गुडविल म्हणजे काय ते फार साध्या शब्दांत बसवले होते: जुने गिऱ्हाईक जुन्या जागी येत राहील ही शक्यता, याहून जास्त काही नाही. दुसरा १८९६ चा. वार्निश करणाऱ्या एका पेढीतला एक भागीदार. भागीदारी संपल्यावर गुडविल दुसऱ्या पक्षाकडे जायचे ठरलेले. तर या गृहस्थाने मुदत संपायच्या आधीच एका कारकुनाला फावल्या वेळात बसवून गिऱ्हाइकांची नावे-पत्ते वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. तिथे ठरले ते असे: वेगळे बंधन नसेल तर माणसाने नवा धंदा खुशाल काढावा, पण जे विकले त्याच गिऱ्हाइकांना मागे जाऊन बोलवायचे नाही. आपल्याकडच्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातही तेच तत्त्व आले आहे.

"मी कुठे कोणाला बोलावतोय?" मी म्हणालो. "आणि मी तर कारकूनही ठेवलेला नाही."

"तुला कारकून कशाला हवा?" वकीलसाहेब म्हणाले. "यादी तुझ्या डोक्यात आहे. आणि कोणी दाराशी येऊन बोललं की तू 'त्याच्याकडेच जा' असं म्हणतोस की गोड हसतोस?"

मी गोड हसत होतो. घरघंटीचा विचार मी तिथेच सोडला. पण मनातली दुसरी गोष्ट, ती पोत्यांची, मी त्यांना त्या दिवशीही सांगितली नाही.

आषाढ संपत आला होता. एका संध्याकाळी पावसात तो तरुण घरी आला. चौथा हप्ता घेऊन आला होता. दहा हजार मोजून ठेवले, चहा घेतला, पण उठेना. शेवटी म्हणाला, "काका, माझं काय चुकलं ते सांगा."

"का रे, काय झालं?"

"भाजणीवाल्या बाईंचं दळण बंद झालं. महिना झाला. आधी वाटलं, पाऊस आहे. मग म्हटलं, आपलंच दळण बिघडलंय. दोनदा टाकी लावून घेतली. झिजलेला दगड तुम्ही दाखवला होता, तो बदलला. उसने पैसे काढले. रात्री गिरणी बंद करून नुसती भाजणी दळून बघतोय. मला तर बरोबरच वाटतंय. पण माझा हात तुमच्यासारखा नाही, हे खरं. बाईंना विचारायची लाज वाटते. तुम्ही एकदा येऊन पीठ बघाल का?"

पाऊस पन्हाळीतून बदाबदा पडत होता. मी नुसते "येतो" म्हणालो. तो छत्री उघडून गेला.

मी पैशाचा हिशेब करून ठेवला होता. त्याला कळेल, तो रागावेल, चार शब्द बोलेल, मी बाईंच्या शपथेकडे बोट दाखवीन, असे सगळे मी मनाशी रचून ठेवले होते. पण तो स्वतःच्या हाताला दोष देईल, हे माझ्या हिशेबात नव्हते. मी त्याचे लाखभर रुपये घेतले होते, एवढेच नव्हे. शिकाऊ माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी काढून घेतला होता. तो काही साडेचार लाखांच्या कागदात विकत द्यायचा किंवा घ्यायचा नव्हता.

सकाळी मी वकीलसाहेबांकडे गेलो आणि या खेपेस सारे सांगितले. त्यांनी काही न बोलता करार कायद्याचे पुस्तक काढले आणि सतरावे कलम उघडले. नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे तिथे म्हटले आहे. मला हायसे वाटले. पण त्याच्या पुढे कायद्याने उदाहरणे दिली आहेत, घोड्याची. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे. तो बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणे त्याचे कर्तव्य होते. आणि तिसरे उदाहरण: घेणारा म्हणतो, "तू नाही म्हटले नाहीस तर मी घोडा निर्दोष आहे असे धरीन." विकणारा गप्प राहतो. इथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच आहे.

मी ते तिसरे उदाहरण दोनदा वाचले. हा कायदा झाला तेव्हा सांगलीत संस्थान होते, आणि माझ्या पणजोबांनीही गिरणी पाहिलेली नसणार. तरी कोणीतरी माझ्याच गिरणीत, माझ्याच पट्ट्याशेजारी उभे राहून ते लिहून घेतल्यासारखे मला वाटले.

"त्या बाईंनी बोलू नका म्हटलं होतं," मी शेवटचा प्रयत्न केला.

"मग बाईंचं नाव कशाला घ्यायचं? 'हे एक दळण धरून किंमत करू नकोस' एवढं म्हणता आलं असतं. शपथ मोडली नसती, फक्त किंमत मोडली असती." आणि पुस्तक मिटून ते म्हणाले, "तो काही कोर्टात जाणार नाही. त्याला कलम माहीत नाही. ते आता तुला माहीत झालंय, एवढीच अडचण आहे."

तिथून मी सरळ गिरणीत गेलो. दोन्ही जोड चालू होते. त्याने मला पाहताच भाजणीचे पीठ तळहातावर घेऊन पुढे केले. मी म्हटले, "आधी गिरणी बंद कर."

त्याने बटण दाबले. पट्टा सैल होत होत थांबला. छत्तीस वर्षांत भर सकाळी गिरणी एवढी शांत मी क्वचितच ऐकली होती. मग मी बोललो. बाई केव्हा काय म्हणाल्या, त्याने मला काय विचारले होते, आणि मला ते स्वच्छ ऐकू आले होते, हे सगळे सांगितले. पायरीवर दोन बायका बसल्या होत्या, त्यांनीही ऐकले. ऐकू दे म्हटले.

तो बराच वेळ तळहातावरच्या पिठाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "म्हणजे दळण चांगलं होतं?"

मी पीठ अंगठ्याखाली चोळून पाहिले. "चांगलं आहे," म्हणालो. "माझ्यापेक्षा बारीक आहे."

पैशाची गोष्ट त्यानंतर निघाली, ती मीच काढली. सहा हप्ते राहिले होते, साठ हजारांचे. ते मला नको, असे मी म्हटले. तो लगेच हो म्हणाला नाही आणि नकोही म्हणाला नाही. "आईला विचारतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने सांगितले की आईला मान्य आहे. मला ते फार आवडले. उगाच "राहू द्या हो काका" असे तो म्हणाला असता, तर माझे देणे माझ्यापाशीच राहिले असते. तो जायला निघाला आणि दारात थांबून म्हणाला, "आई म्हणत होती, पैसे मिळाले तरी बाई परत येत नाहीत. दिवाळीचे आठ दिवस गिरणीत येऊन बसायला सांग."

त्या वर्षी अधिक भाद्रपद आला होता, म्हणून दिवाळी नोव्हेंबरात गेली. मी आठ दिवस जाऊन बसलो. दगडाजवळ नाही, बाहेर पायरीशी एका स्टुलावर. बायका येत, सवयीने डबा माझ्यापुढे करीत. मी हात मागे घेत असे आणि म्हणत असे, "त्यांच्याकडे द्या. भाजणी मी बघितलीय त्यांची, माझ्यापेक्षा चांगली होते." सुरुवातीला हे वाक्य घशात अडकत असे. आपल्यापेक्षा दुसऱ्याचे दळण चांगले, हे आठ दिवसांत काही शे वेळा म्हणून बघावे म्हणजे कळेल. धनत्रयोदशीपर्यंत ते सहज तोंडी येऊ लागले. घरघंटीवाल्या आजींनी डबा माझ्यावरून थेट त्याच्या हाती दिला, आणि जाताना मला म्हणाल्या, "तू इथे का बसलायस रे? घरी दिवाळी नाही का?"

तेव्हा मला कळले की माझे काम झाले. विकणाऱ्याची कर्तव्ये दोन, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध तोंडाची आहेत. हाक आली तर जायचे, आणि हाक येत नसेल तर त्या वाटेने फिरकायचेही नाही. पहिले कागदात लिहिता येते. दुसरे लिहिता येत नाही, आणि तेच जड जाते. पाडव्यानंतर वर्षभर मी फिरायला दुसऱ्या गल्लीने जात होतो.

पुढे २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पुन्हा पूर आला. पाणी चढू लागल्याचे कळले तेव्हा मी मुलाकडे पुण्याला होतो. रात्री झोप येईना. गिरणी माझी नव्हती. तिचा शेवटचा रुपयासुद्धा माझ्याकडे यायचा राहिला नव्हता. तरी दहाच्या सुमारास मी फोन लावला. म्हटले, "मोटरी—"

"दुपारीच काढून माळ्यावर टाकल्या, काका," तिकडून आवाज आला. "पाणी अजून पायरीला आहे. पण तुम्ही रेघ दाखवली होती ना. रेघेच्या वर चार फूट ठेवल्यात."

पुढे पाणी रेघेच्याही वर गेले. दगड चिखलात राहिले, काटा गेला, पण मोटरी वाचल्या. पूर ओसरल्यावर त्याने जुन्या रेघेच्या वर नवी रेघ ओढली आणि तिच्याशेजारी साल लिहिले. ती पाहताना माझ्या मनात आले, मी त्याला ज्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या त्याच्या उपयोगी पडल्या. न सांगितलेल्या एकीने त्याचा झिजलेला दगड बदलायला लावला, उसने पैसे काढायला लावले आणि रात्री जागवल्या. विकताना आपण सामानाची यादी करतो. खरे म्हणजे आपल्याला जे जे ठाऊक आहे, त्याची यादी केली पाहिजे. आणि त्यातले जे सांगायला जीभ जड होते, ते सर्वांत आधी लिहिले पाहिजे.

असो. यंदाही भाजणीचा डबा घेऊन मी रांगेत उभा राहिलो. गिरणीत आता एक नवा मुलगा हाताखाली आला आहे. तो मला ओळखत नाही. त्याने डब्याला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, भाजणी अजून कोमट आहे. गार करून आणा, नाहीतर दगड तुंबतो."

आतून मालक हसत पुढे आला. त्यानेही डब्याला हात लावून पाहिला. मला वाटले, आता तो त्या मुलाला दटावणार. पण तो म्हणाला, "बरोबर सांगतोय तो, काका. अर्ध्या तासानं या. नंबर ठेवतो तुमचा."

मी डबा घेऊन घरी परतलो.